सतरा नावांची शिळा

१६ एप्रिल १९८९, रविवार

आज सभेत मी फार ठामपणे बोलले. ठामपणे बोलून घरी आले की मला धास्ती वाटते, म्हणून ही वही काढली आहे. निदान काय बोलले ते तरी जसंच्या तसं लिहून ठेवावं.

वारसा संघाची सभा वाचनालयात होती. आम्ही एकोणीस जण होतो. विषय एकच: १९१९च्या स्वातंत्र्ययुद्धात गेलेल्या आमच्या सारापेरे गावच्या सतरा पोरांचं स्मारक. पंचेचाळीस साली बाहेरून आलेल्या नव्या सरकारने ते सुरुंग लावून उडवलं. चर्चच्या वाटेवरच्या बागेत गवतात चौथऱ्याचा एक खुंट तेवढा उरला आहे. येत्या २३ जूनला त्या युद्धातल्या विजयाला सत्तर वर्षं होतात. त्या दिवशी स्मारक पुन्हा उभं करायचं ठरलं. आमचे अध्यक्ष अर्वो (गावातला गायकवृंद चालवणारे, हातात काडी नसली तरी बोटं हवेत हलतच असतात) यांनी खटपट करून दगडकामाच्या एका कार्यशाळेत नव्या शिळेसाठी नंबर मिळवला होता. मंगळवारपर्यंत होकार कळवायचा होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एल्मार काका उठले. वय सत्त्याहत्तर, सभेत एरवी तोंड न उघडणारा माणूस. ते म्हणाले, नावांची शिळा फुटलेली नाही. स्फोटाच्या आदल्या पहाटे तिघांनी ती गाडीवर घालून आणली आणि काकांच्या फळबागेच्या कडेला, एल्डरच्या झाडापाशी पुरली. तिघांतला एक सैबेरियातून परतला नाही, दुसरा होडीने स्वीडनला गेला. "उरलो मी. मेतालासुद्धा माहीत नाही," असं म्हणून त्यांनी बायकोकडे बघितलं. मेता काकू मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत होत्या. त्या मान वर न करता "बाई गं" एवढंच म्हणाल्या.

पुढची गोष्टही काकांनी सांगितली. एक्कावन्न साली कुणीतरी चुगली केली. गुप्त पोलिसांची तीन माणसं आली आणि बरोबर त्या झाडापाशी खणू लागली. काका बाजूला गवताची काडी चावत उभे होते. "एक पाऊल चुकले बघा. एकच पाऊल." तेव्हापासून दर वसंतात, बर्फ वितळलं की, काका ती जमीन तपासून येतात.

मग आल्मा आजी बोलल्या. त्यांचा भाऊ रूदी त्या सतरांत आहे. अठरा वर्षांचा होता, देह घरी आलाच नाही. आजी म्हणाल्या, "मला नवा दगड नको. त्या दगडावर बाबा दर रविवारी हात फिरवायचे."

आणि मी उभी राहून म्हणाले की मग कार्यशाळेला नकार कळवा, नंबर सोडून द्या, आपण आपली शिळा काढू. अर्वोंनी विचारलं, "जबाबदारी तुमची का, बाई?" मी हो म्हणाले.

मी इतिहास शिकवते म्हणून मला चिटणीस केलं आहे. चर्चच्या वाटेवरच्या त्या बागेत मी मुलांना किती वेळा नेलं असेल. चौऱ्याहत्तर साली काल्यूने विचारलं होतं, बाई, हा दगडाचा खुंट कसला? मी सांगितलं, जुन्या जमीनदाराच्या फुलांच्या वाफ्याचा. मला माहीत होतं. आजचा ठामपणा त्या दिवसाची भरपाई असेल, तर तो इतरांच्या नंबरावर करायचा मला काय अधिकार होता?

तोइवोला सगळं सांगितलं. नवरा सामूहिक शेतीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं वजन विचारतो. "किती भरेल ती शिळा?" मी म्हणाले, तीनशे किलो तरी. "मग कुठे जाणार नाही," म्हणाला आणि सूप प्यायला लागला.

६ मे, शनिवार

बारा फावडी जमली. पोरंसोरं, दोन कुत्री, अर्वो तर आपला इतकी वर्षं बंदी असलेला निळा-काळा-पांढरा झेंडा घेऊनच आले. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. झाडापासून विहिरीच्या दिशेने त्यांनी अकरा पावलं मोजली, टाच रोवली आणि टोपी काढली.

गुडघाभर खणलं, मग कमरेइतकं. एक घोड्याचा नाल मिळाला. काका म्हणाले, पाऊल तेव्हा मोठं होतं, जवान होतो. मग पुढे खणलं. मग मागे.

मेता काकूंनी कॉफी आणली. आजकाल कॉफी कुठे मिळते, कुणास ठाऊक, पण त्यांच्याकडे होती. दह्याचा केकही होता. खड्ड्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मला बाजूला घेऊन विचारलं, "चौथरा कधी बांधणार?" मी म्हणाले, आधी शिळा तर मिळू दे. त्या म्हणाल्या, "नाही, आधी चौथरा बांधा." वयामुळे असेल, त्यांना कामाचा क्रम लागत नाही.

७ मे, रविवार

काल रात्री झोप नाही. आज परत खणलं. काही नाही. तोइवो बागेकडे बघून म्हणाला, एवढं खणलंय तर आता बटाटे लावून टाका. एकटे काका सोडून सगळे हसले.

२१ मे, रविवार

चौथऱ्याचं काम सुरू आहे. माझे जुने विद्यार्थीच बहुतेक गवंडी निघाले. काल्यू आता तिशीला टेकलेला, टक्कल पडलेला माणूस आहे. मी दिसले की ओरडतो, "बाई, वाफा एवढा रुंद पुरे का? ट्यूलिप लावायचे की गुलाब?" सगळे खिदळतात, मीही हसते. त्याच्या मनात काही नसेल, पण तोच प्रश्न मला रोज विचारावा, हे बरोबरच आहे.

मेता काकू एक दिवसाआड सायकलवरून येतात, चौथऱ्याभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, "पाडला नाही ना कुणी?" मी त्यांना समजावलं की काळ बदललाय, फेब्रुवारीत राजधानीत बुरुजावर आपला झेंडा लागला, टीव्हीवर दिसला. त्या म्हणाल्या, "टीव्हीवर बरंच काय काय दिसतं, हेल्गी." मी जुन्या माणसांच्या भीतीबद्दल बराच वेळ विचार करत बसले. त्यावर एक टिपण लिहावं म्हणते.

नावांची यादी अजून अपुरी आहे. पंधरा मिळाली, दोन अडली. काकूंच्या स्वयंपाकघरात त्या रुबार्ब चिरत होत्या आणि मी यादी वाचत होते. त्या सुरी न थांबवता म्हणाल्या, "हान्सनंतर ओट्टो येतो, चांभाराचा. आणि शेवटून दुसरा कार्ल, गिरणीवरचा." बरोबर निघालं, चर्चच्या वहीत पडताळून पाहिलं. काय स्मरणशक्ती आहे! त्यांचं माहेर तर दुसऱ्या तालुक्यातलं.

२ जून, शुक्रवार

कार्यशाळेतून उत्तर आलं. आता नंबर थेट सप्टेंबरात. अर्वोंनी पत्र माझ्या हातात दिलं आणि हवामानाबद्दल बोलू लागले. एक शब्द लागट बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुकानाच्या रांगेत ऐकलं: एल्मारचं डोकं गेलंय, शिळा त्याने स्वप्नात पुरली असेल. असं म्हणणाऱ्या बाईने सहा मेला त्यांच्याच घरचा केक दोनदा घेतला होता. मी तिला काही बोलले नाही. का बोलले नाही? मलाही तोच संशय आहे म्हणून?

आल्मा आजींनी काळा पोशाख उन्हात वाळत घातलाय. मी कुंपणाजवळून जाताना त्यांनी हात केला. काही विचारलं नाही.

१४ जून, बुधवार

आजचं नीट क्रमाने लिहायला हवं.

दुपारपासून भुरभुर पाऊस होता. चार वाजता मी काकांकडे गेले होते. मनाशी ठरवलं होतं की त्यांना सांगायचं, आता पुरे, २३ तारखेला आपण लाकडी फळीवर नावं रंगवू, दोष माझा आहे. काका बागेत एकटेच खणत होते. बाग राहिलीच नव्हती, नुसते चर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती माणसं एक पाऊल चुकली होती, बाई. मी नाही."

मेता काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि मला विचारलं, "चौथरा होऊन किती दिवस झाले?"

"सोळा."

"आणि कुणी हात लावला नाही."

"नाही."

"गोठ्यात ये."

आमच्याकडे दूध काढायच्या जागी पुरुष फिरकत नाहीत, गेला तर गाव चार दिवस त्याला हसेल. काकूंनी गाय बाहेर बांधली. तिच्या जागेवरच्या फळ्या एक एक करून उचलल्या, फावड्याने चिखल खरवडला. खाली करडा, गुळगुळीत दगड. दारापेक्षा थोडा रुंद.

"पालथी आहे," काकू म्हणाल्या. "नावं खाली."

मी खाली बसले. चिखलात बसले हे नंतर कळलं.

पन्नासच्या नोव्हेंबरात काकांना सक्तीच्या जंगलतोडीला नेलं होतं. त्याआधी पाच वर्षं काकू बघत होत्या की नवरा रोज त्या झाडापाशी जातो, उगाच उभा राहतो, परत येतो. "त्याला वाटायचं कुणाला दिसत नाही. अख्ख्या रस्त्याला दिसायचं." त्यांच्या भावाने गोठ्याची मागची भिंत दुरुस्तीसाठी काढली होती. पहिलं बर्फ पडल्यावर दोघांनी शिळा उकरली, घोड्याच्या घसरगाडीवरून आत आणली, वर फळ्या ठोकल्या, भिंत परत बांधली. बागेत माती सारखी केली. सहा महिन्यांनी ती तीन माणसं आली. भाऊ साठ साली वारला, त्यानंतर हे माहीत असलेलं माणूस म्हणजे फक्त काकू.

मी विचारलं, महिनाभर आम्ही खणत होतो, तेव्हा का नाही सांगितलं? माझा आवाज चढला असावा.

"चाळीस साली ते पहिल्यांदा आले, त्याआधीही सगळे असेच खुशीत होते, पोरी. मला आधी बघायचं होतं, तुम्ही बांधलेलं उभं राहतं का." मग खिडकीतून बागेकडे बघून म्हणाल्या, "चार हिवाळे अजून थांबले असते मी. पण तो पावसात खणतोय. आणि लोक त्याला खुळा म्हणतात."

त्या सतरा नावांचं कोडं मला आत्ता लिहिताना उलगडलं. शिळा पालथी घालण्याआधी त्यांनी ती पाठ केली असणार.

काकांना आत बोलावलं. ते उंबऱ्यावर अडखळले, जन्मभराची सवय. मग दगड बघितला. पालथ्या बादलीवर बसून त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे ते आले तेव्हा खाली काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं," काकू म्हणाल्या.

काका उठले, शिडी चढले आणि गवताच्या माळ्यावर गेले.

१७ जून, शनिवार

खाली आलेले नाहीत. काकू डबा शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवतात, तो रिकामा होतो, एवढाच संवाद.

शिळा दारातून निघत नाही, भिंत पाडावी लागेल. अर्वो परवानगी मागायला गेले. वरून उत्तर आलं, "गोठा माझा, भिंत माझी." अर्वोंनी देशाबद्दल काहीतरी म्हटलं. वरून मूठभर गवत पडलं.

गावाला मात्र नवा विषय मिळाला आहे. दुकानात आता म्हणतात, मेता म्हणजे मेता. आणि मागे हळूच, बिचारा एल्मार, रिकाम्या खड्ड्याची राखण करत होता. हे त्यांच्या कानावर गेलं असणारच. शिळा सापडली म्हणून मी उड्या मारायला हव्यात. सहा दिवस उरलेत, दगड आमच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर आहे, आणि मला त्या म्हाताऱ्याचं बरोबर वाटतं.

२० जून, मंगळवार

आज सकाळी आम्ही पाच-सहा जण अंगणात उभे होतो. तोइवो सामूहिक शेतीची क्रेन घेऊन आला होता, इंजिन बंद करून टपावर बसला होता. आल्मा आजीसुद्धा काठी टेकत आल्या होत्या. मेता काकूंनी हात ॲप्रनला पुसले आणि माळ्याच्या खाली जाऊन उभ्या राहिल्या.

"एल्मार, ऐकतोयस का?"

वरून दोन काड्या खाली पडल्या.

"तुला खोटं बोलता येत नाही. लग्नात माझ्या आईने विचारलं किती प्यालास, तर तू मोजून सांगितलंस."

आल्मा आजी हसल्या. वर गवत सळसळलं.

"अडतीस वर्षं मी काठी घेऊन उभा," काकांचा आवाज आला, "आणि तू खिडकीतून बघत होतीस."

"बघत होते."

"मजा वाटली असेल."

"एकदाच मजा वाटली. ते तिघे घामाघूम होऊन परत गेले तेव्हा. त्यांनी तुझ्या पायाखाली खणलं, कारण तू तिथे उभा होतास. दुसरीकडे उभा असतास तर दुसरीकडे खणलं असतं. गोठ्याकडे बघितलं कुणी? तुझ्यापुढे गोठा कुणाला दिसणार?"

वरून आवाज आला, "म्हणजे मी बुजगावणं."

"राखणदार," काकू म्हणाल्या. "तू जागा राखलीस, मी दगड राखला. एकट्याने दोन्ही कसं झालं असतं?"

अर्वोंची बोटं हवेत थांबली होती. मग शिडीवर आधी एक बूट दिसला, मग दुसरा. काकांच्या केसांत गवत होतं. त्यांनी कुणाकडे न बघता विचारलं, "कुऱ्हाड कुठे ठेवलीस?"

अर्वो पांढरे पडले. काकू म्हणाल्या, "जिथे असते तिथेच."

काकांनी भिंतीची पहिली फळी स्वतः तोडली. दुसरी तोडायला तोइवो पुढे झाला तर त्याला कोपराने ढकललं. अर्ध्या तासात भिंत आडवी झाली आणि ते धापा टाकत दगडापाशी येऊन म्हणाले, "आता उलटा."

क्रेनने हळूहळू उलटली. पाण्याच्या अकरा बादल्या लागल्या, आणि भांडी घासायच्या ब्रशने सगळ्यांनी घासलं. नावं वर आली, एकाही अक्षराचा टवका गेला नव्हता. आल्मा आजींनी काठी मला दिली, वाकल्या, आणि रूदीच्या नावावरून तळहात फिरवला, टेबलावरचा चुरा पुसावा तसा. म्हणाल्या, "अजून गार आहे."

गाय सगळा वेळ हंबरत होती. तिचं दूध काढायची वेळ टळून गेली होती.

२३ जून, शुक्रवार

उभी आहे. एवढं लिहून झोपले तरी चालेल, पण थोडं लिहिते.

चारशे माणसं तरी असतील. कापड काका आणि काकूंनी मिळून ओढायचं होतं. ते एका कोपऱ्याला अडकलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "तू सोड, मी ओढते," आणि काका म्हणाले, "नाही, आता तू सोड." पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं. मग कापड पडलं आणि गायकवृंदाला सुरुवात करायलाच जमेना, निम्मे रडत होते. अर्वो बोटं हलवत राहिले, हळूहळू आवाज आले.

नावं मी वाचली. समोर मेता काकूंचे ओठ हलत होते, माझ्याहून एक नाव पुढे. सतरावं नाव माझ्या आधी त्यांचं झालं आणि त्या दूध काढून झाल्यावर करतात तसं हात झटकून मोकळ्या झाल्या.

शेवटी आल्मा आजींनी मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "वर माळ होती की. पितळेची, ओकच्या पानांची." अर्वो म्हणाले, ती तेव्हाच वितळवली असणार, आजी. तोइवो माझ्याशेजारी खिशात हात घालून उभा होता. मी त्याला म्हणाले, बघ, किती बारीक आठवण आहे आजींना. तो "हं" म्हणाला.

संध्याकाळी सालाबादप्रमाणे मध्य उन्हाळ्याची होळी पेटवली, झोके बांधले होते, जिऱ्याचं चीज आणि घरची बिअर. काकांनी आज किती प्याली ते मला मोजून सांगितलं.

२५ जून, रविवार

काल सकाळी सहाला तोइवोने मला उठवलं आणि वर्कशॉपमध्ये चल म्हणाला. आमच्या घरामागची त्याची खोली, मी तिथे जात नाही. ग्रीसचा वास सहन होत नाही आणि काही हलवलं तर तो कुरकुरतो. त्याने बेअरिंगच्या जुन्या खोक्यांची एक रांग बाजूला केली, मागची फळी काढली आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. जड होतं.

पितळेची ओकची पानं. पंचवीस मोजली मी, मोजण्याशिवाय काही सुचेना.

स्फोटानंतर त्याच्या वडिलांनी गवतातून उचलली होती. मरताना त्याला सांगितलं. तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. म्हणजे वीस वर्षं ही माळ आमच्या घरी आहे.

मी म्हणाले, आणि मला नाही सांगितलंस.

"तू शाळेत. मुख्याध्यापक, तपासणीवाले, कोण कोण. कुणी विचारलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

मला राग आला. खरंच आला, डोळ्यांत पाणी येण्याइतका. मी त्याला सांगितलं की मला सगळं लपवता येतं, मी मुलांना धडधडीत खोटं सांगितलंय, मी तेवढी चांगली बाई नाही. तो पाना शोधत म्हणाला, "बरं." मग म्हणाला, लोक उठायच्या आत लावून येऊ, मला तिथे भाषण-बिषण नको. कुणी विचारलं तर आपल्याला माहीत नाही.

आम्ही गेलो. रात्रभर जागलेलं गाव झोपलं होतं. मी शिडी धरली, त्याने चार बोल्ट आवळले. खाली उतरून तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मी त्याचा तेलकट हात धरला. राग कुठे गेला ते कळलं नाही.

दुपारी आम्ही अंगणात शिळी भाकरी आणि मासे खात होतो, तर अर्वो सायकल टाकून धावत आले. माळ, ते म्हणाले, माळ परत आलीय, आल्मा आजी तिथे बसल्यात, उठायला तयार नाहीत, कुणी लावली असेल?

"कुणास ठाऊक," तोइवो म्हणाला आणि माशाचा काटा काढू लागला.

मी लायलॅकच्या झुडपाकडे बघत राहिले, चेहरा अगदी साधा ठेवला. इतका साधा चेहरा मी आयुष्यात कधी ठेवला नसेल.

अर्वोंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग खुर्ची ओढून बसले आणि तोइवोला विचारलं, "बोल्ट किती लावलेस?"